विहिरीचं पाणी थर्मामीटरच्या आधी बोलतं

जिओथर्मलचा, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर वीज बनवायचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, जमिनीखालची उष्णता काय संपणार आहे थोडीच! उष्णता लवकर नाही संपत हे खरंच, पण ती वर घेऊन येणारं पाणी संपतं. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' नावाच्या जिओथर्मल क्षेत्रात तेच झालं, १९८० च्या दशकात वाफ भरमसाट काढली, मग प्रेशर घसरत गेलं आणि शेवटी १९९७ पासून गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने आणून खाली सोडायला लागले तेव्हा कुठे जरा सावरलं.

म्हणून वापरलेलं पाणी परत खाली सोडतात, पण ते फार जवळ सोडलं तर खडकातल्या भेगांमधून सरळ उत्पादन विहिरीकडे (जिच्यातून गरम पाणी वर काढतात तिच्याकडे) येतं आणि तिला थंड करतं. आता गंमत बघा, हे पाणी येताना वाटेतल्या गरम खडकातून तापत येतं, त्यामुळे सुरुवातीला तापमानात काहीच फरक दिसत नाही, पण त्यातलं क्लोराइड (मिठातला एक घटक) कुठे जाणार? २५०° सेल्सिअसचं पाणी वातावरणाच्या दाबापर्यंत आणलं की साधारण ३० टक्के वाफ होऊन निघून जाते आणि क्षार उरलेल्या पाण्यात राहतात, म्हणजे लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर १४०० च्या वर जातं. तेच पाणी फिरून विहिरीत आलं की क्लोराइड चढायला लागतं, थंडावा पोचायच्या बराच आधी! उलट वरचं थंड भूजल आत शिरलं तर क्लोराइड उतरतं.

पण एकट्या क्लोराइडवर भरवसा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, कारण प्रेशर पडून खालीच उकळी फुटली तरी ते चढतं. म्हणून सोबत सिलिका (वाळूतला घटक, खडकातून पाण्यात विरघळतो) आणि सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर बघायचं, दोन्हींवरून खालच्या पाण्याचं तापमान काढता येतं. सिलिका नवीन तापमानाशी पटकन जुळवून घेते, सोडियम-पोटॅशियमला खूप वेळ लागतो, ते खोलवरचं जुनं तापमान धरून बसतं. सिलिकाचं तापमान खाली आणि दुसरं जागच्या जागी, असं दिसलं की गडबड विहिरीच्या आसपास आहे, मग ते थंड पाणी असेल नाहीतर उकळी. ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम (पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचे जड प्रकार) मोजले की पाणी मुळात कुठलं तेही बरंचसं कळतं.

हे सगळं उभं आहे ते सॅम्पलवर, आणि तिथे हयगय अजिबात चालत नाही. पाणी आणि वाफ सेपरेटरवर वेगळी करायची, त्या वेळचं प्रेशर लिहायचं (ते नसेल तर खालचं खरं क्लोराइड काढताच येत नाही), पाणी बंद कॉइलमधून थंड करून गाळायचं आणि सिलिकाची बाटली तिथल्या तिथे शुद्ध पाण्याने पातळ करायची, नाहीतर सिलिकाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लॅबमध्ये आकडा कमी येतो, म्हणजे धडधाकट विहीर कागदावर थंड!

आणि प्लांट सुरू व्हायच्या आधीचे सॅम्पल हवेतच हो, नंतर कितीही पैसे ओतले तरी ते मिळत नाहीत.