वेल्डिंग मशीनच्या सायलेन्सरसाठी पारोळा–धुळे–जळगाव

शेतातल्या शेडचं काम अर्ध्यावर असताना आमच्या जुन्या डिझेल वेल्डिंग मशीनचा सायलेन्सर बुडातून गळून पडला. आवाज असा की शेजारच्या मळ्यातला सालदार धावत आला. दोनदा ठिगळ मारून झालं होतं. आता ठिगळ धरायला पत्राच उरला नव्हता.

पारोळ्याहून धुळं जवळ, म्हणून आधी तिकडे गेलो आणि अख्खा दिवस घालवला. वेल्डिंगच्या सामानाच्या सहा दुकानांत मशीनच्या कंपनीचं नाव सांगत फिरलो. रॉड, होल्डर, केबल, काचा, सगळं मिळतं. सायलेन्सर म्हटलं की माणूस आढ्याकडे बघतो. एकाने ‘मिळेल’ म्हणत दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मोटारसायकलचा आणून दाखवला. शेवभाजी तेवढी पदरात पडली. संध्याकाळी एका म्हाताऱ्या मिस्तरीबाबांनी विचारलं, “भाऊ, मशीननं नाव काय सांगस, इंजिन कोनतं शे ते सांग.”

खरंच की. वेल्डिंगवाली कंपनी जनरेटर बनवते, इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्याचं घेते. मग सायलेन्सर इंजिनाच्या सामानातच शोधायला हवा.

दुसऱ्या दिवशी एरंडोलमार्गे जळगाव. अजिंठा चौफुलीला उतरून पंप-इंजिन आणि ट्रॅक्टरच्या स्पेअरची दुकानं विचारत गेलो. तिसऱ्याच दुकानात काम झालं, साडेनऊशे रुपयांत.

जाताना जुना सायलेन्सर गोणीत घालून न्याच, फोटोवर भागत नाही. फ्लँजचा (बोल्टने आवळायच्या चपट्या कडीचा) असेल तर बोल्टच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर लिहून घ्या. आट्याचा असेल तर जपून, मी तिथेच फसलो. व्हर्नियरवर पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिमी भरला, म्हणून धुळ्यात ‘दोन इंची’ मागत फिरलो. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यासच ४८.३ मिमी असतो! मशीन अमेरिकन असेल तर आटेही मोजा: दीड इंची पाइपाला आपल्याकडच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यात इंचाला ११ आटे, त्यांच्या एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्यात साडेअकरा. एक-दोन वेढे गोड बसतो, मग अडतो. जोर लावलात तर बिडाच्या मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळीला) चीर जाते आणि साडेनऊशेचं काम कुठच्या कुठे जातं.

आतली वाट जुन्यापेक्षा लहान घेऊ नका; धूर कोंडला की लोडवर इंजिन दबतं, काळं ओकतं. तोंड वर असेल तर झडपेची टोपी हवीच, नाहीतर पावसाचं पाणी थेट इंजिनात. वाळलेल्या कपाशीत किंवा जिनिंगवर काम करणाऱ्यांनी ठिणगी अडवणारा, म्हणजे स्पार्क अरेस्टरवाला मागावा.

जुना आटा सुटेना तेव्हा रात्रभर डिझेल सोडलं, सकाळी पुसून कोरडं केलं आणि मग बाहेरून गॅसने तापवलं. जोडाला घरचा जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाइप पडलेला होता, तो मोह टाळला. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, एकदा भोगलंय. बिनजस्ताचा काळा पाइप घेतला. सायलेन्सरचं वजन मॅनिफोल्डवर लोंबू नये म्हणून चासीवरून पट्टीचा आधार दिला. मूळ मशीनला तो होता, मधल्या कुणीतरी काढून टाकलेला.

भंगारवाला जुना सायलेन्सर किलोवर मागत होता. पण त्याचं आट्याचं तोंड अजून धड आहे. ते कापून, तेल लावून, रॉडच्या डब्यात ठेवलंय.