कर्नाळ्यातला कांडोळ: कुठे पाहावा, कसा ओळखावा

कर्नाळ्याला लोक जातात ते पक्ष्यांसाठी, नाहीतर सुळक्यासाठी. आम्ही फेब्रुवारीअखेर गेलो ते कांडोळ बघायला. कुणी त्याला पांढरूख म्हणतं, कुणी भुत्या. पावसाळ्यात हे झाड हिरव्या गर्दीत हरवून जातं. पानगळीनंतर मात्र उतारावर पांढराफटक उभा कांडोळ लांबूनही दिसतो.

पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणाऱ्या एसटीने अभयारण्याच्या दाराशी उतरता येतं. जलद गाडी तिथे थांबेलच असं नाही, तेव्हा चढतानाच कंडक्टरला विचारा. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. दारावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी अनामत घेतात. स्टीलची बाटली न्या, काम सोपं होतं. पाणी मात्र भरपूर हवं, वर विकत काही मिळत नाही.

आता खरा मुद्दा. इथे नुसत्या पांढऱ्या खोडावर जाऊ नका, कारण या रानात नाणा नावाचं झाडही आहे. त्याचं खोडही फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारं. आमच्यातल्या दोघांचा वाद पहिल्याच चढावर जुंपला. तो मिटवायचा तर आधी झाडाखालचा पाचोळा उचकटावा. कांडोळाचं पान मोठं, हाताच्या पंजासारखं पाच भागांत फाटलेलं आणि खालून मऊ लवेचं असतं. नाण्याचं पान साधं, लांबट, खालच्या बाजूने फिकट. मग वर बघा. कांडोळाच्या फांद्या शेवटपर्यंत जाड आणि बोथट, पानं त्यांच्या टोकाशीच झुबक्याने येत असल्यामुळे गळल्याच्या खुणाही तिथेच दाटलेल्या. नाण्याच्या डहाळ्या बारीक असतात आणि त्यांवर बहुधा सुकलेली छोटी बोंडं दिसतात. सावर तर चुकूच नये: कोवळ्या खोडावर काटे, आणि या दिवसांत लालभडक फुलं.

कांडोळही याच सुमारास फुलतो, पण फुलं बारीक, हिरवट-पिवळी आणि उंच टोकाला. दुर्बीण नसेल तर ती दिसली नाहीत म्हणून हिरमुसू नका.

कांडोळाला खडकाळ, कोरडा उतार मानवतो. त्यामुळे खालच्या सावलीतल्या पायवाटांवर वेळ न घालवता किल्ल्याची वाट धरा. दीडेक तास लागतो. रान जिथे विरळ होतं आणि कातळ डोकं काढतो, तिथे थांबून दोन्ही बाजूंचे उतार न्याहाळा. सकाळी लवकर निघा, उन्हात ही वाट दमवते. सुळक्यावर आग्यामोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा तर मुळीच नको.

सालीचा पापुद्रा सोलायचा मोह अनेकांना होतो. खोडाला जखम झाली की डिंक वाहतो, आणि याच डिंकासाठी देशभर या झाडांवर बेसुमार घाव घातले गेलेत. गळून पडलेला पापुद्रा बघून भागवा.

फळं बघायची असतील तर एप्रिल-मेमध्ये पुन्हा यावं लागेल. लाल, पाच फाट्यांची चांदणी असते, दिसायला देखणी. पण तिच्यावरची कुसं कातडीत रुततात आणि आग होते. लहान मुलं बरोबर असतील तर खाली पडलेली फळंही उचलू देऊ नका.