शिवणकामाचा नफा, न कमावलेले पैसे आणि आठवड्याचे ३५ तास

ताईंनी टेबलावर तीन कागद ठेवले. तिन्ही युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना ब्रिटिश सरकारकडून मिळणाऱ्या मदतीच्या, महिन्याच्या हिशोबाचे. पहिल्यावर त्यांची कमाई ७४२ पौंड, पुढच्या दोन्हींवर १,४४७. "मॅडम, एवढे पैसे मी कधी कमावलेच नाहीत. महिन्याला साडेसातशेच्या आसपास सुटतात. मी खरे आकडे भरले होते, मग हा आकडा कुणी घातला?"

मी इंग्लंडमध्ये स्विंडनच्या एका मोफत सल्ला केंद्रात सरकारी मदतीचे अर्ज आणि अपिलं पाहते. या गावात गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. बरेचजण गोदामांत आणि कारखान्यांत, काहीजण स्वतःच्या छोट्या धंद्यात. ताई बार्देशच्या. एकट्या, नऊ वर्षांचा मुलगा, भाड्याचं घर आणि घरातच शिवणयंत्र. ब्लाऊज, पडदे, पँट आखूड करणं, लग्नसराईत घागरे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, हिशोबाचे नियम मात्र जसेच्या तसे.

२०२४ पर्यंत त्यांना वर्किंग टॅक्स क्रेडिट ही काम करणाऱ्यांसाठीची जुनी सरकारी मदत मिळायची. २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ही व्यवस्था ५ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. कमी उत्पन्नाच्या स्वयंरोजगारी माणसाला ती मानवायची, कारण तिथे हिशोब वर्षाचा होता. एकट्या पालकाने आठवड्याला १६ तास काम केलं की पुरे. लग्नसराईचा भरलेला महिना आणि जानेवारीचा कोरडा महिना एकमेकांना सांभाळून घेत. उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा २,५०० पौंडांपर्यंत वाढलं तरी त्या वर्षाच्या रकमेला हात लागत नसे. जमाखर्च पक्का नसेल तर ३१ जुलैपर्यंत अंदाजी आकडा द्यायचा आणि ३१ जानेवारीपर्यंत पक्का. २०१५ पासून धंदा नियमित आणि नफ्याच्या हेतूने चालतो याचा पुरावा मागू लागले, पण ताईंच्या वह्या नीट होत्या.

मग जुन्या मदतीवरून युनिव्हर्सल क्रेडिटवर जाण्याची नोटीस आली. तीन महिन्यांच्या आत युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करायचा होता आणि त्यांनी तो मुदतीत केला. म्हणूनच त्यांना नव्या रकमेवर वरून थोडी संक्रमण रक्कम मिळाली, म्हणजे बदलात एकदम तोटा होऊ नये म्हणून दिलेली भर. ज्यांची मुदत हुकली त्यांची ती सहसा कायमची गेली.

नव्या व्यवस्थेत हिशोब महिन्याचा, तोही रोखीचा. पैसा ज्या महिन्यात हातात आला त्या महिन्याची जमा, ज्या महिन्यात दिला त्या महिन्याचा खर्च. बिल कधी काढलं याला अर्थ नाही. पहिले १२ महिने जो खरा नफा असेल तोच धरतात. ती मुदत संपली की मिनिमम इन्कम फ्लोअर लागू होतो, म्हणजे या माणसाने कमीत कमी एवढं तरी कमवायला हवं असा सरकारने ठरवलेला आकडा. नफा त्याच्या खाली गेला तरी हिशोबात तो आकडाच धरला जातो.

ताईंच्या कागदावरचे १,४४७ तिथून आले. तीन ते बारा वर्षांच्या मुलाच्या मुख्य पालकाकडून आठवड्याला ३० तासांपर्यंत कामाची अपेक्षा धरतात. किमान वेतन २०२५-२६ मध्ये ताशी १२.२१ पौंड होतं. ३० ला १२.२१ ने गुणा, ५२ ने गुणा, १२ ने भागा, की १,५८७ पौंड येतात. त्यातून अंदाजे कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) वजा केला की १,४४७ उरतात. घरभाड्याची मदत घेणाऱ्या पालकाला त्या वर्षी महिन्याला ४११ पौंडांची कमाई माफ होती. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. ताईंचा खरा नफा ७६० होता, त्यावर १९२ पौंड कापायला हवे होते. कापले ५७०. एका महिन्यात ३७८ पौंडांचा फरक, आणि तो न कमावलेल्या पैशांपोटी. टेबलावरच्या पुढच्या दोन्ही कागदांवर हेच घडलं होतं.

"धंदा आणखी मोठा दाखवला तर?" ताईंनी विचारलं. मी नको म्हटलं. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो आणि इथेच माणसं चुकीच्या दिशेला जातात. जॉबसेंटरच्या (सरकारी रोजगार कार्यालयाच्या) मुलाखतीत धंदा हाच मुख्य व्यवसाय आहे, तो संघटित, नियमित आणि नफ्यासाठी आहे असं ठरलं की फ्लोअर लागतो. तसं ठरलं नाही तर फ्लोअर लागत नाही, खरा नफाच धरतात, पण मग दुसरी नोकरी शोधावी लागते आणि शोधल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे कर कार्यालयाकडची नोंदणी, ग्राहकांची यादी, जाहिरातीचा कागद, बँकेची पानं हे पुरावे जितके भक्कम तितका फ्लोअर पक्का. धंदा किती खरा आहे हे कागदांवरूनच ठरायला हवं. सोयीप्रमाणे उत्तर बदलणं मी कुणालाच सुचवत नाही. ताईंचा धंदा खराच धंदा होता, त्यामुळे ती वाट बंदच होती.

मी मूळ अर्जाची उत्तरं पुन्हा वाचायला घेतली. मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे अपंग किंवा आजारी मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळतो हे त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यापोटी महिन्याला १५८.७६ पौंडांची वाढीव रक्कम चालूही होती. पण अपंग किंवा आजारी माणसाची काळजी घेता का, या प्रश्नाला त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. कारण विचारलं तर त्यांना प्रश्नच समजेना. "मी कुणाकडे कामाला जात नाही मॅडम. हा तर माझा मुलगा."

मुलाच्या भत्त्याचं पत्र मागवलं. काळजी विभागात मधला दर. एवढा तपशील पुरेसा होता. ज्याला हा भत्ता मधल्या किंवा वरच्या दराने मिळतो त्याची जो आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेतो, त्याला केअरर एलिमेंट, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये काळजीवाहकासाठीची वाढीव रक्कम, मिळतं. ते २०२५-२६ मध्ये महिन्याला २०१.६८ पौंड होतं. केअरर्स अलाउन्स हा काळजीवाहकांचा स्वतंत्र भत्ता मागण्याची त्यासाठी गरज नाही, आणि कमाईची मर्यादा नाही. एका व्यक्तीमागे फक्त एकालाच ते मिळतं एवढीच अट. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा माणसावर काम शोधण्याची कसलीही अट राहत नाही, आणि जिथे ती अट नाही तिथे फ्लोअरही नाही. ताई वर्षभर शिवणकामाच्या पावत्या घेऊन धावत होत्या, आणि उत्तर त्यांच्या धंद्यात नव्हतंच.

मग बसलो ते ३५ तास मोजायला. ताईंना वाटलं, मुलगा शाळेत असतो, एवढे तास कुठून भरणार? पण शाळेबाहेरचे सगळे तास धरायचे. सकाळी उठवून औषध, आंघोळ, कपडे, शाळेपर्यंत सोबत. संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत नजरेसमोर. रात्री फेफरं येतं म्हणून जागावं लागतं, तेही तास. शनिवार-रविवार तर पूर्ण दिवस. रविवारपासून शनिवारपर्यंतचा आठवडा कागदावर मांडला तेव्हा बेरीज ५० च्या वर गेली. रात्रीचे तास लोक हमखास विसरतात, म्हणून मी ते आधी विचारते. स्वयंपाक, धुणं अशी कामं सगळ्याच घरांत असतात. इथे मुलाच्या आजारामुळे जे जास्तीचं करावं लागतं आणि त्याला एकटं सोडता येत नाही म्हणून जो वेळ जातो, तो स्पष्ट लिहायचा.

त्याच दुपारी त्यांच्या ऑनलाइन खात्यात 'परिस्थितीत बदल' म्हणून काळजीची माहिती भरली. त्या खात्यातल्या जर्नलमध्ये, म्हणजे कार्यालयाला संदेश लिहायच्या जागी, चार ओळी लिहिल्या: मुलाचा भत्ता कोणत्या दराने, कधीपासून, आठवड्याचे तास किती, आणि या कारणाने फ्लोअर लागू होत नाही. नियम सरळ शब्दांत लिहायचा. पलीकडे वाचणाऱ्याला दिवसभरात असे पुष्कळ संदेश येतात आणि लांब पत्र मागे पडतं.

मागच्या दोन महिन्यांचा प्रश्न वेगळा होता. फायद्याचा बदल उशिरा कळवला तर साधारणपणे कळवल्याच्या महिन्यापासूनच पैसे मिळतात. उशिराला पटणारं कारण असेल तर १३ महिन्यांच्या आत मुदत वाढवून मागता येते. आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. मुलाचा भत्ता पहिल्या दिवसापासून नोंदीत आहे, प्रश्न समजण्यात गफलत झाली, त्या काळात मुलगा वारंवार रुग्णालयात होता, हे तारखांसह लिहिलं. सोबत रुग्णालयाची पत्रं. दोन्ही महिने मान्य झाले.

पण सगळा आकडा वरचढ झाला असं नाही. ताईंना ६४ पौंडांची संक्रमण रक्कम मिळत होती. नवं एलिमेंट सुरू झालं की ती तेवढ्याने घटते, त्यामुळे ती पूर्ण संपली. हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर पुढचा कागद पाहून माणूस घाबरतो. तरीही ७६० नफ्याच्या महिन्यात ३७८ आणि २०२ वाढले, ६४ गेले, म्हणजे ५१६ पौंड हातात जास्त.

दर महिन्याचा आकडा भरणं मात्र सुटत नाही. न भरल्यास हप्ता अडकतो. ताईंच्या वहीत काही गोष्टी आम्ही दुरुस्त केल्या. पडदे पोचवायला स्वतःच्या गाडीने जातात, तर महिन्यातल्या पहिल्या ८३३ मैलांसाठी मैलामागे ४५ पेन्स खर्च धरता येतो, पुढे २५. घरात काम करण्यासाठी महिन्याला ५१ ते १०० तासांना १८ पौंड आणि १०० च्या वर २६. नवं ओव्हरलॉक यंत्र घेतलं तर ती सगळी किंमत त्याच महिन्यात खर्च. तोटा झाला तर पुढच्या महिन्यांत वळता होतो. करासाठी जी १,००० पौंडांची धंद्याची सूट असते ती इथे चालत नाही, म्हणून वर्षाला हजाराच्या आत जमा असणाऱ्यांनीही आकडा भरायलाच हवा.

महाराष्ट्रातून कामाच्या व्हिसावर आलेल्यांनी मात्र आधी आपल्या व्हिसाच्या अटी पाहाव्यात. 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी अट असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मागताच येत नाही, आणि मागितल्यास राहण्याच्या परवानगीवर परिणाम होऊ शकतो. ताईंकडे सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना मिळालेली कायम राहण्याची परवानगी) असल्याने तो प्रश्न नव्हता.

आता त्यांच्या फाइलवर मी एकच तारीख मोठ्या अक्षरात लिहिली आहे: मुलाच्या भत्त्याच्या मुदतीची. तो संपला किंवा दर खाली आला तर केअरर एलिमेंट जाईल आणि फ्लोअर परत येईल. नूतनीकरणाचा फॉर्म आला की त्याच आठवड्यात तो घेऊन यायचं, असं ठरलं आहे.