ऐझॉलच्या बायका

आज दिवसभर कर्करोग नोंदणीचे तक्ते चाळत होते. एका ओळीवर थबकले. मिझोरामचं ऐझॉल, २०१२-१६ ची नोंद, फुप्फुसाचा कर्करोग, वर्षाला लाखामागे पुरुष ३८.८, बायका ३७.९. तेव्हा देशात सगळ्यात जास्त, आणि बायका जवळजवळ पुरुषांच्या बरोबरीने! तिकडे बायकाही सर्रास धूम्रपान करतात. शिवाय तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं ‘तुइबुर’ तोंडात धरतात.

आपल्या बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतली नोंद होते. तिथे हाच आकडा अगदी कमी. आपल्याकडे तंबाखू मळून खातात, त्यामुळे कर्करोग तोंडाला गाठतो.

फुप्फुसाचा कर्करोग बहुतेकदा उशिरा कळतो, म्हणून नोंदीतली कितीतरी माणसं वर्षा-दोन वर्षांत जातात. त्या ३७.९ मधल्या बायका काही केल्या डोक्यातून जात नाहीयेत. घरात कुणाचा खोकला तीन आठवडे हटत नसेल, तर प्लीज डॉक्टरांना दाखवा.