आमची वाटचाल : कागदावर नसलेली माणसं

भोसरी एमआयडीसीत २००९ साली भाड्याची शेड घेतली. पत्रा कापायचं एक शिअरिंग मशीन, दोन वेल्डिंग सेट आणि मी. पुढची दहा वर्षं चाकणच्या कार कंपन्यांच्या पुरवठादारांना ट्रॉल्या, रॅक आणि बिन पुरवण्यात गेली. २०२० उजाडलं तेव्हा बावीस माणसं होती. त्यातली नऊ आमच्या पगारपत्रकावर, तेरा ठेकेदाराची. वेल्डर हवा असला की ठेकेदाराला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी गोपालगंजचा नाहीतर बलियाचा कुणीतरी पिशवी घेऊन गेटवर हजर. माणसं शोधणं हे वेगळं काम असतं, असं तेव्हा वाटतच नव्हतं.

कोरोनामुळे २३ मार्चला राज्य बंद झालं आणि २५ पासून देश. मार्चचा पगार पूर्ण दिला. एप्रिलचा अर्धाच देऊ शकलो, कारण ज्यांच्याकडून बिलं यायची त्यांचीच शटरं खाली होती. त्या महिन्यात मोठ्या कार कंपन्यांची देशातली विक्री शून्य होती. आमच्या ट्रॉल्या कोण घेणार? ठेकेदाराचा फोन पहिल्याच आठवड्यात बंद लागायला लागला. त्याची तेरा माणसं दोन खोल्यांत, खानावळ बंद. तांदूळ, डाळ, बटाटे आम्ही पोचवत होतो.

१ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या. तेराच्या तेरा जणांचे फॉर्म मी शेडमध्ये बसून भरले. नाव, गाव, जिल्हा. चौघांची आडनावं मला त्या दिवशी कळली. त्यातला एक सहा वर्षं आमच्याकडे होता.

केंद्राने तेव्हा शंभरपर्यंत कामगार असलेल्या लहान आस्थापनांचा पीएफ, मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के, स्वतः भरायचं ठरवलं होतं. नव्वद टक्के लोकांचा पगार पंधरा हजारांच्या आत असावा, ही अट. आमच्या नऊ जणांना ते मिळालं. तेरा जणांना काहीच नाही, कारण ठेकेदाराने त्यांचा पीएफ कधी भरलाच नव्हता. आणि मीही कधी तो भरल्याचं चलन मागितलं नव्हतं.

मेअखेरीस काम सुरू करायची परवानगी मिळाली. उरलेल्या चौकोनी पाइपातून पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड केले. दोन महिने बरे गेले, मग गल्लीतला प्रत्येक जण तेच करायला लागला आणि भाव कोसळला.

दसऱ्याच्या आधी गाड्यांची मागणी एकदम वाढली. बसमध्ये चढायला लोक घाबरत होते, ज्याला जमेल तो स्वतःचं वाहन घेत होता. ऑर्डरी होत्या, वेल्डर नव्हते. गेटवर मात्र रोज कुणीतरी उभं असायचं: हॉटेलातला वेटर, स्कूल बसचा चालक, मंडपवाला. कामावाचून बसलेली माणसं आणि माणसांवाचून बसलेलं काम, दोन्ही एकाच रस्त्यावर. गावी गेलेल्यांना तिकीट आणि पाच हजार उचल पाठवली. पाच जण आले. त्यातले दोघे पंधरा दिवसांत चाकणला जास्त हजेरीवर, म्हणजे जास्त मजुरीवर, गेले. मी चिडलो, बायकोने हिशोब पुढे ठेवला: तासाला चार रुपये वाचवायला मी महिन्याची ऑर्डर घालवत होतो. हजेरी वाढवली. स्कूल बसवाल्याला वेल्डिंग शिकवायला चार महिने लागले, पत्रा बराच वाया गेला. आज तोच आमचा सगळ्यात नीट टाका मारतो.

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला (वळवायलाच हवा होता) आणि आमचं गॅस कटिंग थांबलं. कर्ज काढून हवेवर चालणारा प्लाझ्मा कटर घेतला. त्यावर कापलेला पहिला माल ऑक्सिजन सिलिंडरच्या ट्रॉल्यांचा होता.

आता एकोणीस जण आहेत, सगळे आमच्याच पगारपत्रकावर. ठेकेदार ठेवला नाही. त्यामुळे खर्च वाढला आणि दोन जुनी गिऱ्हाइकं दरावरून तुटली, ते खरंच. नवा माणूस आला की पहिल्या दिवशीच आधार, पासबुक आणि गावाकडचा एक नंबर लिहून घेतो.

सध्या प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, चालवणारा एक जण हवा आहे. राहायची खोली आमची.