पिवळी रेघ

"बाई त पन्नाशीचीच दिसते, मंग इतकी काहून इसरते?" आज 'स्टिल ॲलिस' पाहताना शेजारच्या काकूंनी विचारलं. तो प्रश्न दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

२०१४ चा सिनेमा. ॲलिस भाषाशास्त्राची प्राध्यापक, पन्नाशीतच अल्झायमर, म्हणजे विसर वाढतच जाण्याचा आजार. भाषण करताना ती वाचून झालेल्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवत जाते, तीच ओळ पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून. ज्युलिअन मूरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, पण माझ्या लेखी अख्खा सिनेमा त्या मार्करमध्ये आहे.

आपल्याकडे हेच काम भिंतीवरचं कॅलेंडर करतं. गोळी गिळली की तिथल्या तिथे तारखेवर फुली. "मारतो नंतर" म्हटलं की फुली मारायची राहून जाते आणि तीच गोळी दोनदा पोटात जाते. पेन कॅलेंडरलाच दोरीने बांधून ठेवा.

पासष्टीच्या आत हा आजार कमी दिसतो, पण होतो. गावात मात्र "टेन्शन हाय" म्हणत वर्ष निघून जातं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. रोजच्या वावराची वाट चुकणं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचा हिशेब जुळेनासा होणं वेगळं. असं वाढत चाललं तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं का ते विचारा. त्यातल्या बिघाडानेही विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. सोबत रोज घरात असणारं माणूस न्याच, कारण आपलं काय चुकतंय हे पेशंटला बरेचदा सांगता येत नाही.

तुमच्या गावात अशा माणसाला आधी कुठे नेतात, दवाखान्यात की बाहेरचं पाहणाऱ्याकडे?