अनोळखी टॅग आणि ब्राउझर: एचटीएमएल शिकतानाची पुढची नोंद

या वेळी खरं तर फॉर्म शिकायचे होते. ते राहिले, कारण सगळा वेळ एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायच्या भाषेत) मुळात नसलेल्या टॅगांनी, म्हणजे कोनी कंसांत लिहायच्या खुणांनी, खाल्ला. सरावाचं पान आधीचंच, सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं. (टॅगांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आहेत. खरोखर देवनागरी वापरलीय तिथे तसं सांगेन.)

‘किल्ला’ नावाचा टॅग केला, आत ‘साल्हेर, 1567 मीटर’ लिहिलं आणि पान उघडलं. ना एरर, ना इशारा. मजकूर दिसतो, स्पॅन या साध्या टॅगमध्ये घातल्यासारखा ओळीतल्या ओळीत. सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत) त्याच नावाने नियम लिहिला की रंगही चढतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (आदेश लिहून पान तपासायच्या खिडकीत) त्याचा प्रकार विचारला तर उत्तर येतं ‘एचटीएमएल-अननोन-एलिमेंट’. म्हणजे डॉममध्ये (ब्राउझर पानाचा जो आराखडा बांधतो त्यात) त्याला रीतसर जागा मिळते, अर्थ तेवढा मिळत नाही.

हा उदारपणा जुना आहे. 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्येच अनोळखी टॅग सोडून द्यायचा आणि आतला मजकूर ठेवायचा, असं लिहिलेलं होतं. नवे टॅग येऊ शकले ते यामुळेच. व्हिडिओ टॅगच्या आत डाउनलोडची लिंक ठेवतात, ती व्हिडिओ न समजणाऱ्या ब्राउझरसाठी. इंटरनेट एक्सप्लोरर 8 पर्यंत मात्र अनोळखी टॅगला सीएसएस लागतच नसे, म्हणून सेक्शन, आर्टिकल हे टॅग आले तेव्हा लोकांना जावास्क्रिप्टने ती नावं आधी त्याच्या कानावर घालावी लागत.

खरी गंमत जागा बदलल्यावर येते. टेबलच्या आत, पण कुठल्याही सेलच्या बाहेर, ‘किल्ला’ टाकून पाहा: मजकूर उडून टेबलच्या वर जाऊन बसतो. याला एचटीएमएलच्या नियमावलीत ‘फॉस्टर पेरेंटिंग’ म्हणतात. सेलच्या आत टाकला तर जागचा हलत नाही. हेडमध्ये (पानाबद्दलच्या न दिसणाऱ्या माहितीच्या भागात) टाकला तर ब्राउझर हेड तिथेच संपवून बॉडी (दिसणारा भाग) सुरू करतो आणि त्याखालचे मेटा, स्टाइल सगळे बॉडीत जातात. आणि टॅगच्या शेवटी तिरकी रेघ देऊन तो जागीच बंद होईल असं समजू नका. ती रेघ दुर्लक्षित होते, पुढचा मजकूर त्याच्या पोटात जातो. मी त्याला लाल रंग दिला होता, खालचं अख्खं पान लाल झालं.

एक आवडलेला अपवाद: ‘इमेज’ असा पूर्ण शब्द लिहिला तर ब्राउझर तो मुकाट्याने ‘आयएमजी’ (चित्राचा खरा टॅग) करतो. नियमावलीत त्यापुढे कंसात लिहिलंय, ‘विचारू नका’.

आता खरी देवनागरी. फाइलमध्ये जसंच्या तसं लिहिलं:

<किल्ला>साल्हेर</किल्ला>

पानावर दिसतं ते असं:

<किल्ला>साल्हेर

सुरुवातीचा टॅग साधा मजकूर म्हणून छापला जातो, शेवटचा गायब! कारण कोनी कंसानंतर लगेच रोमन अक्षर आलं तरच ब्राउझर त्याला टॅग मानतो. नाहीतर तो कंस नुसतं चिन्ह. बंद करणाऱ्या टॅगचा नियम वेगळा: तिरक्या रेघेनंतर रोमन अक्षर नसेल तर सगळं कॉमेंट (पानावर न दिसणारी टीप) समजायचं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाची रचना दाखवणाऱ्या खिडकीत) ती कॉमेंट सापडते.

मग पहिलं अक्षर रोमन एक्स, पुढे हायफन आणि त्यापुढे देवनागरीत ‘किल्ला’ असं नाव दिलं. चाललं! हायफन असलेली नावं कस्टम एलिमेंटसाठी (आपण स्वतः बनवलेल्या टॅगांसाठी) राखीव आहेत, त्यात देवनागरी चालते आणि प्रकारही ‘अननोन’ न राहता साधा ‘एचटीएमएल-एलिमेंट’ होतो. पुढे एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी या नावाशी टक्कर होणार नाही. स्वतःचे टॅग करायचेच असतील तर असेच करा. सीएसएसमध्येही देवनागरी नाव थेट लिहिता येतं, फक्त फाइल यूटीएफ-8 मध्ये (देवनागरीसकट इतर लिप्याही साठवणाऱ्या पद्धतीत) हवी.

‘पायऱ्या’सारखी नावं मात्र टाळा. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. एचटीएमएल एका कीबोर्डने आणि सीएसएस दुसऱ्याने लिहिलंत तर नियम लागणारच नाही. मी ‘जिना’ ठेवलंय.